निमोण्याची जीप आणि मागची नळी

आमच्या निमोण्यात गाडीचा ब्रेक बिघडला तरी तो लवकर कळत नाही. गाव बऱ्यापैकी सपाटीवर. घोड नदीकडे जाताना थोडा उतार लागतो. बाकी शिंदोडीला जा, करड्याला जा नाहीतर न्हावऱ्याला, रस्ताच असा की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी गाडी आपोआप दमते. त्यातून जुनी जीप म्हणजे तिला पळवण्याचेच कष्ट, थांबवण्याचे नाहीत. कळतं ते देवाला निघाल्यावर. जेजुरी उरकून सासवडमार्गे पुण्याकडे यायचं ठरतं, दिवे घाटाचं पहिलं वळण येतं, आणि एरवी अर्ध्यात अडणारं पेडल पाटापर्यंत खाली जातं. दुसऱ्यांदा दाबलं की थोडं वर येतं, तिसऱ्यांदा बरं लागतं. गाडीतली मंडळी येळकोट करत असतात. चालवणारा मात्र एकदम गप्प झालेला असतो.

माझं तसंच झालं. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं घाट उतरलो आणि दुसऱ्या दिवशी जीप मिस्त्रीकडे नेली. त्यानं झाकण उघडून मास्टर सिलेंडरमधलं तेल पाहिलं आणि विचारलं, "ह्यात ऑइल कधी टाकलं होतं?" मी म्हटलं, पंधरा दिवसांपूर्वीच. "मग गेलं कुठं?" एवढंच तो म्हणाला आणि गोणपाट अंथरून गाडीखाली शिरला.

'गेलं कुठं' हा प्रश्न खरोखर मोलाचा आहे. ब्रेकचं तेल इंजिनच्या तेलासारखं जळत नाही, डिझेलसारखं संपत नाही. ब्रेकचे लायनर झिजले की चाकातले पिस्टन जास्त बाहेर राहतात आणि भांड्यातली पातळी हळूहळू थोडी उतरते, पण ती महिन्यामहिन्यांनी. पंधरा दिवसांत भांडं अर्धं झालं, तर तेल कुठून तरी बाहेर पडतंय. दुसरा अर्थ नाही. तरीही आपल्याकडे सर्रास चालणारा उपाय म्हणजे डॅशबोर्डवर ब्रेक ऑइलची बाटली ठेवणं आणि 'कमी झालं की टाकायचं'. फुटक्या रांजणात रोज पाणी भरण्याचा हा प्रकार आहे. फरक एवढाच की रांजण एका रात्रीत फुटत नाही.

का फुटत नाही आणि नळी का फुटते, ते समजायला थोडा हिशेब करू. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं सतराव्या शतकात मांडलं. मोटारीच्या चारही चाकांना त्याचा उपयोग व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. माल्कम लॉकहीड या अमेरिकी माणसानं द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक तयार केले आणि १९२१ सालच्या ड्यूसेनबर्ग गाडीला ते चारही चाकांना बसले. आता आपल्या जीपचं घ्या. विलिसनं १९५३ साली आणलेली सीजे-३बी ही महिंद्राच्या जुन्या जीपची थोरली बहीण. या घडणीत मास्टर सिलेंडरचा व्यास एक इंच. समजा, आपण पेडलवर तीस किलोचा जोर दिला. पेडल ही तरफ असते. ती हा जोर पाचपट करते असं धरलं, तर मास्टरच्या पिस्टनवर दीडशे किलो पडले. एक इंची पिस्टनचं तोंड साधारण पाच चौरस सेंटिमीटर. म्हणजे नळीत दर चौरस सेंटिमीटरला तीस किलो दाब. जीपच्या टायरमध्ये हा आकडा दोनच्या आसपास असतो. टायरच्या पंधरापट दाब, आणि तो सोसायचा आहे पेन्सिलपेक्षा बारीक नळीनं. ही झाली साध्या ब्रेकची गोष्ट. समोर म्हैस आली आणि आपण उभे राहून ब्रेक दाबला, तर दाब याच्या दुप्पट सहज होतो.

त्या नळीचा बाहेरचा व्यास ४.७५ मिलिमीटर, जुन्या मापात तीन सोळांश इंच. तिची भिंत साधारण ०.७ मिलिमीटर, पोस्टकार्डं दोन-तीन एकावर एक ठेवावीत एवढी. अडीच मीटर लांबीच्या नळीत तेल मावतं जेमतेम २२ मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाची दोन टोपणं. एवढ्याशा तेलावर गाडीचं सगळं थांबणं अवलंबून असतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जरा कसंतरीच झालं होतं.

त्याच जीपमध्ये पुढच्या चाकांचे सिलेंडर एक इंची आणि मागचे पाऊण इंची. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. त्यांना पुढच्याइतकाच जोर दिला तर ती आधी जाम होतील आणि गाडीचं ढुंगण आडवं येईल. म्हणून मागे कमी जोर, पुढच्याच्या जवळपास ५६ टक्के. यावरून काहीजण समजतात की मागचा ब्रेक काय, असला काय नसला काय. रिकाम्या गाडीत हे थोडंफार खपतंही. पण आपल्या जीपा आणि पिकअप रिकाम्या असतात कधी? मागे कांद्याच्या पिशव्या, दुधाचे कॅन, खताची पोती, नाहीतर वऱ्हाड. वजन मागे असलं की मागच्या चाकांची पकड वाढते आणि थांबवण्यातला त्यांचा वाटाही. म्हणूनच नंतरच्या अनेक पिकअपच्या मागच्या हाऊजिंगजवळ एक छोटा व्हॉल्व्ह आणि त्याला जोडलेली दांडी दिसते. गाडी भरून मागून बसली की ती दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते. कितीतरी ठिकाणी ही दांडी तारेनं बांधून ठेवलेली किंवा काढून टाकलेली दिसते. 'तिचं काही काम नाही' असं सांगणाऱ्या मिस्त्रीकडे दुसऱ्यांदा जाऊ नये.

आता गळती. आमच्या मिस्त्रीनं मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, ओलं लागलं. पण ओलं म्हणजे ब्रेकचंच तेल असं नाही. मागच्या हाऊजिंगमध्ये क्राऊनचं तेल असतं. एक्सलचा सील गेला की तेही ड्रममध्ये उतरतं आणि लायनर भिजवतं. दोन्ही रोगांत ब्रेक कमी लागतो, पण उपचार वेगळे. त्यानं वाटीभर पाणी मागवलं आणि बोटावरचा थेंब त्यात सोडला. थेंब विरघळून गेला. "ब्रेकचंच." मोटारीत सर्रास वापरलं जाणारं ब्रेकचं तेल हे नावालाच तेल. ते ग्लायकोल जातीचं रसायन, पाण्यात मिसळतं. क्राऊनचं तेल असतं तर वर तवंग आला असता, आणि त्याला गंधकासारखा उग्र वासही असतो. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते. फक्त नंतर हात धुवावेत, आणि तो थेंब गाडीच्या रंगावर पडू देऊ नये. हे तेल रंग खाऊन टाकतं.

चाकाचा सिलेंडर मात्र कोरडा निघाला. तेल वरून ओघळत आलं होतं. हाऊजिंगवरून डाव्या चाकाकडे जाणारी नळी एका पट्टीनं आवळली होती. ती पट्टी सोडल्यावर खालची नळी उसाचं टिपरू कुरतडल्यासारखी दिसली. जुन्या गाडीत नळी बहुधा अशाच ठिकाणी सडते. उघड्या भागावरची माती वाळून झडते, पाऊस धुऊन नेतो. पट्टीखाली शिरलेला चिखल मात्र तिथंच राहतो, ओल धरतो, आणि गंजाला पावसाळा संपला हे कळतच नाही. दुसरी जागा चेसीच्या आतल्या कोपऱ्यात. तिथं मातीचा थर बसतो. तिसरी जागा नळी रबरी हौज पाईपला जोडते ती. चौथी, जिथं कमानपाट्याच्या बोल्टला नळी घासते. पुढच्या नळ्या तोकड्या आणि मागची सगळ्यात लांब, चाकांनी उडवलेली घाण खात टोकापर्यंत जाणारी. म्हणून मागचीच आधी जाते.

थंड देशांत याचं मुख्य कारण मीठ. बर्फ वितळावा म्हणून तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात. अमेरिकेत सुमारे ५० लाख पिकअप आणि तशाच मोठ्या गाड्यांच्या ब्रेकच्या नळ्या गंजून फुटतात अशा तक्रारींची सरकारी चौकशी झाली. ती २०१५ मध्ये बंद झाली. त्या बनवणाऱ्या कंपनीला गाड्या परत बोलवायला लावलं नाही, वयानुसार होणारी झीज असा निष्कर्ष निघाला. मालकांना सल्ला दिला तो असा : गाडी खालून धूत जा, नळ्या तपासून घ्या, आणि एक तुकडा सडला असेल तर बाकीचेही त्याच वाटेवर आहेत असं समजून पूर्ण नळी बदला.

आता कुणी म्हणेल, शिरूर-दौंडच्या रस्त्यावर मीठ कोण टाकतंय? रस्त्यावर नाही टाकत, आपण ते गाडीत भरून नेतो. पोटॅशचं लाल-पांढरं खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचा सख्खा भाऊ, आणि लोखंड खाणारा क्लोराइडचा भाग त्यात निम्म्याच्या आसपास. मिश्रखतांतही बऱ्याचदा तेच असतं. पोतं फाटतं, दाणे पाट्याच्या फटीतून खाली चेसीवर सांडतात, हवेतली ओल ओढून पाझरतात. कोंबडखताची खेप तर विचारूच नका. त्यावर गोठ्याशेजारी रात्रभर उभी राहणारी जीप, खाली शेणामुताची ओल. आणि उसाच्या फडातून निघालेला चिखल. आमच्या भागातल्या जुन्या गाड्यांची वरची बॉडी चकचकीत आणि खालचा भाग सडलेला असतो, कारण धुताना पाण्याचा पाईप दिसणाऱ्या बाजूलाच फिरतो. खताची खेप टाकून आलात तर त्याच दिवशी गाडी खालून धुवा. माझ्या मते कुठल्याही महागड्या अंडरकोटपेक्षा हे जास्त उपयोगाचं. सडलेल्या जागेवर काळा अंडरकोट फासणं म्हणजे तर जखमेवर लिंपण करून ती आत चिघळू देणं.

नळी सापडली. आता करायचं काय? इथं आपल्याकडचे जुगाड आठवून हसूही येतं आणि अंगावर काटाही. फुटका भाग कापून मधे डिझेलचा रबरी पाईप घालून क्लिपा आवळणं. एम-सील लावणं. पितळी वेल्डिंगचा टाका मारणं. आणि सगळ्यात लोकप्रिय, मागच्या चाकाची नळीच ठोकून, दुमडून बंद करणं. 'तीन चाकांवर ब्रेक आहे की!' असं सांगितलं जातं. डिझेलच्या पाईपला टायरइतकाही दाब सोसायची सवय नसते, आणि ब्रेकच्या तेलात तो फुगून मऊ पडतो. एका चाकाची नळी बंद केली की मागचं एकच चाक धरतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी फिरते. शेतातून घरापर्यंत पहिल्या गिअरमध्ये आणण्यासाठी म्हणून कुणी केलं तर समजू शकतो. पण आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टीचं आयुष्य फार मोठं असतं.

जुन्या एकेरी मास्टरच्या जीपमध्ये तर धोका आणखी. त्यात एकच पिस्टन, एकच घर, चारही चाकं त्याच्यावर. मागची नळी फुटली की पुढचा ब्रेकही जातो. नंतरच्या गाड्यांत मास्टरचे दोन कप्पे आले, एक फुटला तरी निम्मे ब्रेक उरतात. अमेरिकेत मोटारींना ही दुहेरी व्यवस्था १९६८ पासून सक्तीची आहे. आपली गाडी कुठल्या प्रकारची, हे झाकण उघडून एकदा पाहून ठेवावं. त्या जुन्या जीपचं एक बरं आहे. हँडब्रेकचा ड्रम चाकात नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टच्या तोंडाशी असतो. तेलाशी त्याचा संबंध नाही. बहुतेक इतर गाड्यांत हँडब्रेकची केबल मागच्याच लायनरना ओढते. म्हणजे नळीचं किंवा सिलेंडरचं तेल लायनरवर पडलं की पायाचा आणि हाताचा, दोन्ही ब्रेक एकदमच आजारी.

मिस्त्रीचा सल्ला अमेरिकी सरकारसारखाच निघाला, फक्त भाषा घोडनदीची. "दादा, ह्यो इथं फुटला म्हणून इथंच सडलाय असं न्हाई. ह्यानं नुस्ती हाळी दिलीय." हौज पाईपपासून मागच्या दोन्ही चाकांपर्यंत आणि चेसीवरची लांब नळीही, सगळं नवं. मला वाटलं, काम वाढवतोय. त्यानं चेसीवरची नळी, जी अजून गळत नव्हती, ती काढून पक्कडीत धरून वाकवली. बिस्किटासारखी मोडली. मग मी गप्प बसलो.

खरं तर सगळ्यात अवघड काम नवी नळी बसवणं नसून जुनी काढणं. नळीच्या टोकाचा नट गंजून नळीलाच चिकटलेला असतो. साधा पान्हा लावून जोर केला की नटाची पैलं जातात, किंवा नटाबरोबर नळीही पिळून निघते. आदल्या रात्री गंजतेल सोडून ठेवायचं. सकाळी पान्हा लावायचा तो रिंगपान्ह्याला एका बाजूनं खाच पाडलेला, म्हणजे नळीवरून आत जातो आणि नटाला पाच बाजूंनी धरतो. नळी बदलायचीच असेल तर ती नटाजवळ कापून टाकावी आणि सरळ बॉक्सपान्हा घालावा. आग लावून नट गरम करायचा मोह होतो. शेजारी रबरी पाईप आणि पेट घेणारं तेल असताना तो आवरावा.

नटांची एक गंमत इथंच सांगतो, कारण या गमतीनं खूप जणांना रडवलंय. जुन्या जीपचे आटे इंचात : तीन अष्टमांश इंच, दर इंचाला चोवीस आटे. नंतरच्या गाड्यांचे मिलिमीटरमध्ये : १० मिलिमीटर, एका मिलिमीटरला एक आटा. इंचातला नट ९.५२ मिलिमीटरचा भरतो आणि त्याचे आटे १.०६ मिलिमीटर अंतरावर. इतके जवळचे की एकाचा नट दुसऱ्याच्या भोकात दोन-चार फेरे शिरतो, मग अडतो किंवा सैल खेळतो. पान्ह्यानं दामटला की 'बसला' असं वाटतं. बसत नाही, आटे खातो. जुन्या गाडीत मधेच कुणीतरी नवा सिलेंडर घातलेला असतो, त्यामुळे एकाच हाऊजिंगवर दोन्ही जातीचे आटे सापडू शकतात. नट हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे. पान्हा फक्त आवळायला.

नवी नळी कसली घ्यायची? कारखान्यातून येते ती पोलादी, तांब्याचा पातळ थर दिलेली पट्टी दोन वेढे गुंडाळून भट्टीत जोडलेली. तिला गॅरेजात बंडी ट्यूब म्हणतात. आपल्या अंगातल्या बंडीशी तिचा संबंध नाही, बंडी हे ती काढणाऱ्या अमेरिकी माणसाचं आडनाव. पण दुहेरी बंडी घातलेली नळी हे लक्षात ठेवायला सोपं. ती मजबूत असते, गंजते मात्र. दुसरी, तांबं आणि निकेल यांच्या मिश्रधातूची. नव्वद भाग तांबं, दहा भाग निकेल, किंचित लोखंड. ती महाग पडते, पण सहज वाकते आणि गंज तिच्या वाटेला जात नाही. व्होल्वोनं १९७६ पासून आपल्या गाड्यांना ती वापरली. मिळाली तर हीच घ्यावी. तिसरी, फ्रीज-एसीवाल्याकडची शुद्ध तांब्याची नळी. स्वस्त, मऊ, हातानं वळते, म्हणून बसवणाऱ्याला आवडते. पण तांबं सतत हलत राहिलं की कडक होत जातं आणि एक दिवस तडकतं. ज्या जीपमध्ये आरसासुद्धा स्थिर राहत नाही, तिच्या ब्रेकला ते लावू नये.

लांबी मोजायला मिस्त्रीनं टेप घेतला नाही. बाइंडिंगची तार जुन्या नळीच्या वाटेनं वळवत नेली, मग सरळ करून नळीशेजारी धरली आणि वर चार बोटं जास्त ठेवली. नळी हॅक्सॉनं कापायची नाही. कीस आत जातो आणि पुढे सिलेंडरचे वॉशर कापतो. छोटा गोल पाईपकटर फिरवायचा, आतली धार काढायची, हवेनं फुंकायची. मग नट आत सरकवायचा आणि मगच तोंड पसरायचं. नट विसरून तोंड पसरल्याशिवाय कुणी मिस्त्री होत नाही म्हणतात. आमच्याही मिस्त्रीनं त्या दिवशी एकदा ते केलं, आणि पोराला शिव्या घातल्या.

तोंड पसरणं, म्हणजे फ्लेअर, हा या कामाचा जीव. नळी साच्यात घट्ट धरायची. आधी छोट्या बटणानं तिचं तोंड आत दुमडायचं, मग शंकूनं ते दुमडलेलं तोंड पसरायचं. पदर दुहेरी होतो. साडीच्या काठाला फॉल लावतात तसा. एकेरी फ्लेअर लवकर होतो, पण आवळताना पातळ कडेला तडा जातो आणि पहिल्या जोरकस ब्रेकला पाझरतो. काही गाड्यांत तोंड शंकूऐवजी बुडबुड्यासारखं फुगीर असतं. जुनं टोक पाहून तसंच करायचं. शंकूच्या जागी फुगीर बसवून टेफ्लॉन टेप गुंडाळणारे महाभाग आहेत. या जोडात धातूवर धातू दबूनच तेल अडतं, टेपचं तिथं काही काम नाही. टेपचा धागा आत गेला तर उलट व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

नळी बसवताना जुन्याच वाटेनं न्यावी, सायलेन्सरपासून दूर, आणि फूट-दीड फुटावर पट्टीनं धरावी. पट्टीखाली रबराचा तुकडा. आणि हौज पाईप, जो चेसी आणि हाऊजिंग यांच्यामध्ये झोके घेतो, तो याच वेळी बदलावा. बाहेरून तडे दिसले तर प्रश्नच नाही. पण तो आतूनही सुटतो. आतला पापुद्रा झडपेसारखा वागतो, तेल जाऊ देतो, परत येऊ देत नाही. मग ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं आणि ड्रम तापतो. लोक ड्रम कातायला नेतात, लायनर बदलतात. दोष असतो त्या हातभर रबरात.

ड्रम उघडलाच होता म्हणून चाकाचे सिलेंडरही पाहिले. त्यातले रबरी वॉशर डिझेल-पेट्रोलनं धुतले की फुगतात आणि गाडी गळायला लागते, तरी डिझेलचा डबा गॅरेजात हाताशीच असतो. धुवायचं ते ब्रेकच्या ताज्या तेलानंच. तेल प्यालेले लायनर फेकून द्यावेत, दोन्ही बाजूंचे. ब्लोलॅम्पनं जाळून कोरडे केलेले लायनर थंडीत लागतात आणि तापले की पुन्हा तेल सोडतात. ड्रममधली काळी भुकटी हवेनं उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसात गेलेलं बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसावं.

मग तेल. डब्यावर डॉट-३ किंवा डॉट-४ लिहिलेलं असतं. कोरडं डॉट-३ किमान २०५ अंशाला उकळतं, डॉट-४ किमान २३० ला. 'कोरडं' हा शब्द महत्त्वाचा. हे तेल हवेतली ओल शोषतं. साडेतीन-पावणेचार टक्के पाणी झालं की डॉट-३ चा उत्कलनबिंदू १४० अंशांपर्यंत घसरू शकतो, डॉट-४ चा १५५ पर्यंत. लांब उतारावर ड्रम तापले की असं तेल नळीत उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पेडल पाटाला टेकतं, आणि गळती मात्र कुठेच नसते. गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा ठणठणीत, आणि मालक शपथेवर सांगतो की काहीतरी बाहेरचं होतं. दर दोन वर्षांनी तेल बदलावं ते एवढ्यासाठी, आणि आतून गंजू नये म्हणूनही. गॅरेजात झाकण उघडं पडलेल्या डब्यातलं तेल घेऊ नये. छोटी, बंद बाटली फोडायला लावावी.

शेवटी हवा काढणं. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या जुन्या गाडीत मास्टर उजव्या बाजूला, म्हणून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरुवात, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. मला पेडलवर बसवलं. खालून आवाज : "दाबा... धरा... धरूनच ठेवा... हां, सोडा." निपल बंद होण्याआधी पाय सोडला की हवा उलटी आत. एका माणसाचं लक्ष सतत भांड्यावर हवं. ते रिकामं झालं की सगळं पहिल्यापासून. आणि पेडलखाली त्यानं एक लाकडी ठोकळा ठेवला होता. जुन्या मास्टरचा पिस्टन वर्षानुवर्षं अर्ध्याच वाटेवर फिरलेला असतो, पुढचा भाग खरबरीत झालेला असतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबलं तर वॉशर त्या खरबरीत भागावर जाऊन फाटतो. नळी नवी झाली आणि मास्टर गेला, अशी बरीच भांडणं या ठोकळ्याअभावी झालेली आहेत. मागे वजनाचा व्हॉल्व्ह असेल तर गाडी जॅकवर लोंबकळत ठेवून हवा काढू नये. तो अर्धा मिटलेला असतो. चाकं जमिनीवर हवीत.

पेडल विटेसारखं घट्ट झालं. मिस्त्रीनं मला मिनिटभर पूर्ण जोरानं दाबून धरायला लावलं, आणि स्वतः प्रत्येक जोडाला कोरडा कागद पुसून पाहिला. मग गावाबाहेरच्या मोकळ्या रानात दहाच्या वेगानं, मग वीसच्या, मग चाळीसच्या. चारही ड्रमना हात लावून पाहिला, कुठला जास्त तापलाय का.

सकाळी काम केल्यावर संध्याकाळी गाडी घरी आली. रात्री मी तिच्याखाली वर्तमानपत्रं अंथरली. सकाळी उठून पाहिलं, तर मधल्या पानावर रुपयाएवढा डाग. पोटात गोळाच आला. वाटीत पाणी घेतलं, कागदाचा तो तुकडा पिळला. वर रंगीत तवंग पसरला. इंजिनचं तेल. ते वडिलांच्या काळापासून गळतंय.